डोळ्याला पडदे किती?

या देशात येऊन मी गमावलेली पहिली गोष्ट म्हणजे 'डॉक्टर' ही पदवी. इथे सर्जन झालं की पुरुषाचा 'मिस्टर' होतो आणि बाईची 'मिस', मग ती लग्न झालेली असो की नातवंडं असलेली. फार जुन्या काळी इथे कापाकापी न्हावी करत, त्यांना कुणी डॉक्टर म्हणत नसे, आणि त्या न्हाव्यांच्या वारशाचा इथल्या सर्जनांना इतका अभिमान की एक परीक्षा पास होऊन 'डॉक्टर' मिळवायचं आणि त्याहून कठीण परीक्षा पास होऊन ते टाकून द्यायचं. माझ्या केबिनच्या दारावर 'मिस आपटे' अशी पाटी लागली तेव्हा मी हौसेने तिचा फोटो सांगलीला पाठवला. आठवड्याभरात सासूबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हलक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, तुमच्या दोघांचं सगळं ठीक आहे ना?"

संपादकांनी मला 'ब्रिटनमधला तुमचा प्रवास' असा विषय दिला आहे. तो मला लिहिता यायचा नाही. मिरजेला शिकले, लग्न होऊन इकडे आले, मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात डोळ्यांच्या खात्यात चिकटले ती निवृत्त होईपर्यंत तिथेच. जी बाई जागची हलली नाही तिचा प्रवास कसला? त्यापेक्षा पेशंटच्या गोष्टी सांगते. खरं म्हणजे एकाच पेशंटबद्दल सांगायचं आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी आमचा धंदा काय असतो ते थोडं सांगायला हवं.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर येणारा पडदा, अशी बहुतेकांची समजूत असते. तसा पडदाबिडदा काही नसतो. बाहुलीच्या मागे एक भिंग असतं, ते वयाने गढूळ होतं. आम्ही कडेला बारीकशी चीर देतो, आवाजाच्या लहरींनी ते भिंग आतल्या आत फोडतो, चुरा ओढून घेतो आणि त्याच्या रिकाम्या पिशवीत नवं कृत्रिम भिंग घडी घालून सरकवतो. पेशंट पूर्ण जागा असतो. तोंडावर निळं कापड, फक्त डोळा उघडा. त्याने बोलायचं नाही, कारण बोललं की डोकं हलतं. म्हणून आमच्याकडे अशी पद्धत होती की कापडाखालून एक नर्स पेशंटचा हात धरून बसायची. खोकला आला, दुखलं, घाबरायला झालं तर पेशंटने हात दाबायचा. नर्स मला सांगणार, मी थांबणार. एवढंच तिचं काम, पण त्या कामाला मी सर्वांत अनुभवी नर्स मागून घेत असे. आमची मॉरीन दणकट बाई, सगळ्या जगाला 'लव्ह' म्हणणारी. "हात इकडे द्या, लव्ह, आणि माझी बोटं मोडू नका," असं म्हणून ती बसली की अर्धं काम झालेलं असायचं.

मोतीबिंदूचे पेशंट पट्टी काढल्यावर आभार मानतात हे अर्धसत्य आहे. एक निवृत्त बसड्रायव्हर दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन आला की घरातल्या भिंतींचा रंग असला भयंकर आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एका आजीबाईंनी आरशात पाहून मला विचारलं, या सुरकुत्या ऑपरेशनमुळे आल्या का आणि त्या जायला किती दिवस लागतील. एक गृहस्थ ऑपरेशन चालू असताना मॉरीनचा हात सारखे दाबत होते, मी सारखी थांबत होते. शेवटी कळलं की ते मनातल्या मनात आपल्या फुटबॉल क्लबचं गाणं म्हणत होते आणि हाताने ताल धरत होते. अशा गोष्टींवर माझं अख्खं आयुष्य मजेत गेलं असतं. किआनी आले नसते तर गेलंच असतं.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. एक मुलगी, म्हणजे चाळिशीची बाई, आपल्या वडिलांना दंडाला धरून क्लिनिकमध्ये घेऊन आली. तिचं नाव नसरीन. वडील बेहरूझ किआनी, मूळचे इराणचे, इथे संध्याकाळच्या वर्गांत फारसी शिकवून निवृत्त झालेले. सूट, टाय, बूट चकचकीत, आणि डाव्या हातावर भाजल्याची ताजी खूण. केटलीतलं पाणी कपाऐवजी हातावर ओतून घेतलं होतं.

"मिस आपटे, प्लीज, तुम्ही एकदा सांगा त्यांना," नसरीन म्हणाली. "आय गिव्ह अप. माझं ऐकतच नाहीत."

"मिस?" किआनींनी माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "म्हणजे आपण डॉक्टर नाही?"

मी न्हाव्यांची हकिगत सांगितली. ते खूश झाले. म्हणाले, "आमच्याकडेही असंच होतं. हकीम पुस्तकं वाचायचे, आणि डोळ्यात सुई घालणारे वेगळे. ते गावोगाव फिरायचे. गढूळ झालेलं भिंग सुईने आत ढकलून द्यायचे. माणसाला त्याच क्षणी उजेड दिसायचा, मग तो पैसे द्यायचा. डोळा सुजून फुटायच्या आत सुईवाला पुढच्या गावाला पोचलेला असायचा. आपण त्यांच्या वंशातल्या."

त्यांचा उजवा डोळा लहानपणच्या दुखापतीने कायमचा गेलेला होता. राहिलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू इतका पिकलेला की बाहुली काळी न दिसता कडक चहासारखी दिसत होती. एकुलता एक डोळा असला की आम्ही दहादा विचार करतो. पण तो तसाच ठेवला तर हा माणूस नुसता उजेड आणि अंधार ओळखत जगणार होता. मी म्हटलं, ऑपरेशन करायला हवं. ते म्हणाले, "राझींनीही करून घेतलं नव्हतं."

राझी कोण, हे मला माहीत नव्हतं. मिरजेला आम्हाला शरीराच्या प्रत्येक भागाला कुठल्या ना कुठल्या गोऱ्या माणसाचं नाव असतं एवढंच शिकवलेलं. किआनींनी त्याच दिवशी माझी शिकवणी सुरू केली. तेहरानजवळ रे नावाचं जुनं शहर आहे. हजार-अकराशे वर्षांपूर्वी तिथे एक हकीम होऊन गेला. रे गावचा म्हणून राझी. मी म्हटलं, आमच्याकडे जन्मला असता तर त्याचं आडनाव रेकर झालं असतं, आणि आमच्याकडची आडनावं कशी पडतात ते समजावून दिलं. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा उच्चारून पाहिला आणि तेव्हापासून आम्हा दोघांपुरते ते रेकर झाले.

किआनी निवृत्तीनंतर या रेकरांचं चरित्र इंग्रजीत लिहीत होते. इथल्या सामान्य वाचकांसाठी, पण प्रत्येक वाक्य जुन्या हस्तलिखितांच्या झेरॉक्स प्रतींवरून स्वतः पडताळून. सगळं लिहून झालं होतं, शेवटचं प्रकरण सोडून. तिथे डोळ्यांनी दगा दिला. नसरीनला फारसी बोलता यायची, वाचता यायची नाही. माझ्याही घरी तेच. आमचा रोहन मराठी बोलतो, म्हणजे "आई, तुझा गाडी कुठे ठेवला?" इतपत. माझ्या कपाटातली मराठी पुस्तकं तो धूळ पुसण्यापुरती हातात घेतो. त्यामुळे नसरीनने "मला लहानपणी शिकवलंच नाही त्यांनी" म्हटलं तेव्हा मी विषय बदलला.

पुढे कितीतरी महिने किआनी दर भेटीला येत, तपासून घेत, रेकरांची एक गोष्ट सांगत आणि ऑपरेशनच्या संमतीवर सही न करता जात. माझं क्लिनिक त्यांच्यामुळे लांबायचं, बाहेरची रिसेप्शनिस्ट घड्याळाकडे पाहून उसासे टाकायची. पण मी त्यांना थांबवलं नाही. मला त्या गोष्टी ऐकायच्या असायच्या.

रेकरांना म्हणे बगदादमध्ये हॉस्पिटलसाठी जागा निवडायला सांगितली, तर त्यांनी शहरभर ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगले, आणि जिथलं मांस सगळ्यांत उशिरा नासलं ती जागा निवडली. "तुमच्या या हॉस्पिटलची जागा कुणी निवडली?" किआनींनी विचारलं. आमचं हॉस्पिटल कॅनॉलच्या काठाला, भिंतींना बारमाही ओल. मी म्हटलं, इथे मांस टांगायचं धाडस कुणी केलं नसावं. रेकरांनी देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग आहेत हे नीट लिहून ठेवलं. उजेडात बाहुली आकसते हे नोंदवणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांचं नाव घेतात. ते ऐकून मी ओशाळले. दिवसातून शंभर वेळा मी पेशंटच्या डोळ्यात बॅटरी मारत होते, आणि ही गोष्ट कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा पाहिली असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्यांची शिकवायची रीत मला सर्वांत आवडली. रेकर मध्यभागी बसायचे. भोवती जुन्या विद्यार्थ्यांचं कडं, त्याच्या बाहेर नव्या विद्यार्थ्यांचं. पेशंट आधी बाहेरच्या कड्यापाशी यायचा. त्यांना जमलं नाही तर आतल्या कड्यापाशी, आणि तिथेही घोडं अडलं तर रेकरांकडे. आमच्या क्लिनिकमध्येही आधी ज्युनियर, मग रजिस्ट्रार, मग मी. किआनी माझ्या खुर्चीसमोर बसताना म्हणायचे, "आलो बुवा दोन्ही कडी ओलांडून." आणि लिहायची रीत अशी की एखाद्या रोगाबद्दल ग्रीक वैद्य काय म्हणतात, हिंदुस्थानातले काय म्हणतात, ते ज्याच्या त्याच्या नावाखाली लिहायचं, आणि सगळ्यांत शेवटी 'माझं' असं म्हणून आपलं स्वतःचं. जे स्वतः पाहिलं तेवढंच. फसलेले पेशंटसुद्धा त्यात येत.

शेवटच्या प्रकरणाचा विषय किआनींनी सगळ्यांत उशिरा सांगितला. म्हातारपणी रेकर स्वतः आंधळे होत गेले. मोतीबिंदू. लोकांनी एका सुईवाल्याला बोलावलं. रेकरांनी त्याला विचारलं, डोळ्याला पडदे किती? त्याला सांगता आलं नाही. ज्याला पडदे माहीत नाहीत त्याची सुई माझ्या डोळ्याला नको, असं म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं. दुसरीकडे असं सांगतात की मी जग पुष्कळ पाहिलं, आता पुरे, असं म्हणून ते नको म्हणाले.

"एक उत्तर गर्विष्ठ माणसाचं आहे, एक थकलेल्या माणसाचं," किआनी म्हणाले. "मी या माणसाबरोबर इतकी वर्षं राहिलो, मला ते गर्विष्ठही वाटत नाहीत आणि थकलेलेही. ते नाही का म्हणाले, हे मला अजून कळलेलं नाही. ते कळल्याशिवाय पुस्तक संपत नाही, आणि डोळे असल्याशिवाय ते कळायचं नाही."

"मग करून घ्या ऑपरेशन," मी म्हटलं.

 ते काठी भिंतीला टेकवून सरळ बसले आणि म्हणाले, "मिस आपटे, डोळ्याला पडदे किती?"

आता मिरजेच्या कॉलेजात तोंडी परीक्षा कशी असायची ते ज्यांनी दिली त्यांनाच माहीत. परीक्षक खिडकीबाहेर बघत एक शब्द टाकायचे आणि आपण श्वास न घेता घडाघडा सुरू करायचं. थांबलो की संपलो. आम्ही भारतीय डॉक्टर या देशात त्या सवयीवर तरलो. इथले लोक विचार करत करत बोलतात. आम्हाला प्रश्न आला की उत्तर तयार. त्या दिवशी माझ्या आत ती मिरजेची मुलगी ताडकन उभी राहिली. मी बुबुळावरच्या पारदर्शक काचेपासून सुरुवात केली, तिचे थर सांगितले, मग रंगीत पडदा, भिंगाची पिशवी, भिंग, मागचा जेलीसारखा द्रव, आणि अगदी तळाशी रेटिना, म्हणजे ज्याच्यावर चित्र उमटतं तो पडदा. रेटिनाचे दहाच्या दहा थर बाहेरून आत, एका दमात. नसरीन तोंड उघडं टाकून बघत होती. माझी रजिस्ट्रार दारात येऊन उभी राहिली होती. किआनी मान जराशी वाकडी करून, डोळे मिटून ऐकत होते, गाणं ऐकावं तसं.

"रेकरांच्या वेळी सात पडदे आणि तीन रस म्हणत," ते म्हणाले. "तुम्ही बऱ्याच पुढे गेलात. कुठे करायची सही?"

त्यावर मी म्हटलं, आणि हे मी नक्की म्हटलं, की तुमचा मोतीबिंदू इतका दाट आहे की त्याच्या मागची रेटिना मला दिसत नाही. सोनोग्राफी केली आहे, ती जागच्या जागी आहे एवढं कळतं. म्हणजे भिंत उभी आहे. भिंतीवरचं चित्र शाबूत आहे की नाही, ते भिंग काढल्यावरच कळणार. बॅटरीचा उजेड तुम्हाला चारी बाजूंनी ओळखता येतो, म्हणजे आशा ठेवायला जागा आहे. किआनींनी मान हलवली. नसरीन त्यांचा कोट शोधत होती. सांगायचं ते मी सांगितलं. पण ज्या तोऱ्यात पडदे सांगितले त्या तोऱ्यात हे नाही सांगितलं. माहीत नसलेली गोष्ट तोऱ्यात सांगायची तालीम आम्हाला कुणी दिलेलीच नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी मॉरीन त्यांचा हात धरून बसली. भिंग लाकडासारखं कडक होतं, फोडायला नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. त्यांनी एकदाही हात दाबला नाही. मध्येच मॉरीन म्हणाली, "मिस आपटे, हे झोपलेत की काय?" कापडाखालून तिला बोटांची हलकीशी थाप मिळाली. नव्हते झोपलेले. शेवटचा चुरा निघाला, मागून रेटिनाचा लाल उजेड मायक्रोस्कोपमध्ये चमकला आणि माझा जीव भांड्यात पडला. पिशवी शाबूत, नवं भिंग मधोमध. तीस वर्षांच्या नोकरीत मी याहून सुबक ऑपरेशन केल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः पट्टी काढली. किआनींनी डोळे उघडले, मिचकावले आणि डोकं एका बाजूला वळवलं. भिंतीजवळच्या खुर्चीवर नसरीन बसली होती. तिच्याकडे तिरकं बघत ते म्हणाले, "तुझे केस पांढरे झाले."

"कधीचेच, डॅड," नसरीन म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "डाय करायचं बंद केलं. तुम्हाला दिसत नव्हतं ना, मग कुणासाठी करू?"

तिच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये त्या हस्तलिखिताचं एक झेरॉक्स पान होतं. तिने मुद्दाम आणलं होतं. पट्टी निघाल्यावर पहिली गोष्ट त्यांनी तीच बघावी असं तिच्या मनात होतं. किआनींनी पान हातात घेतलं, समोर धरलं, जवळ आणलं, लांब नेलं. मग ते तिरकं केलं.

"कडा दिसताहेत," ते म्हणाले. "मधलं कुणीतरी पुसलंय."

मी त्यांना यंत्रासमोर बसवलं आणि प्रथमच त्यांच्या डोळ्याच्या तळाशी पाहिलं. रेटिनाच्या बरोबर मध्यावर मोहरीएवढी एक जागा असते. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं त्या जागेवर. त्यांच्या डोळ्यात तिथे जुना, वाळलेला, पांढुरका व्रण होता. किती वर्षांचा कोण जाणे. मोतीबिंदूच्या मागे तो गुपचूप वाढला, आणि मोतीबिंदूला दोष देत सगळे बसून राहिले. त्यावर तेव्हाही उपाय नव्हता, आजही नाही.

मी सांगितलं. नसरीनने माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी विसरलेले नाही. त्यात राग नव्हता. आपण परीक्षा पास झालो असं वाटत असताना कुणी यादीत नाव नाही म्हणून सांगावं, तसं काहीतरी होतं. किआनींनी पान पुन्हा फोल्डरमध्ये घातलं, कडा नीट जुळवून.

पुढच्या भेटीला ते काठीशिवाय आले. कडेचं दिसत असल्यामुळे चालता येत होतं, ट्रामचा रंग कळत होता, चहा कपातच पडत होता. अक्षरं मोठी दाखवणाऱ्या भिंगांच्या खात्यातून त्यांना निरनिराळी भिंगं दिली, पण त्या बारीक, नागमोडी, झेरॉक्समध्ये पुसट झालेल्या अक्षरांपुढे ती लुळी पडली. मला वाटलं होतं ते येणार नाहीत. आले, आणि नेहमीसारखे गोष्ट सांगायला बसले.

"रेकर नाही का म्हणाले ते मला कळलं," ते म्हणाले. "पडदे किती हे त्यांना पाठ होतं. त्यांना तो आकडा नको होता. हा माणूस 'मला माहीत नाही' असं कुठे म्हणतो ते त्यांना ऐकायचं होतं. तो सुईवाला अडखळला, गप्प बसला, पण तेवढं एक वाक्य त्याच्या तोंडून आलं नाही."

"मी म्हटलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला. "मागचं दिसत नाही म्हणून सांगितलं होतं."

"सांगितलंत. मीच ऐकलं नाही. मला पडदे ऐकायचे होते."

हा त्यांचा सभ्यपणा आहे असं मी तेव्हा धरून चालले. मी म्हटलं, मग लिहा ना शेवटचं प्रकरण, नसरीनला सांगा, ती उतरून घेईल. ते नाही म्हणाले. तो प्रसंग सगळ्यांत जुन्या प्रतीत नेमका कसा आला आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. मी म्हटलं, तेहरानला कुणी नातेवाईक असेल, त्याच्याकडून फोनवर वाचून घ्या. "मग ते त्याच्या नावाखाली जाईल," ते म्हणाले. "'माझं' म्हणून मी काय लिहू?" मी वाद घातला, जवळजवळ भांडले. ज्या माणसाने हे पुस्तक पुरं व्हावं म्हणून आपला एकुलता एक डोळा माझ्या हातात दिला, त्याने एवढ्या जवळ येऊन थांबावं हे मला सहन होत नव्हतं. ते ऐकून घेत राहिले आणि जाताना माझ्या दारावरच्या पाटीवरून बोटं फिरवून गेले. वाचता येत नव्हती, पण अक्षरं उठावाची होती.

त्या वर्षीच्या हिशेबात आमच्या खात्याने हे ऑपरेशन यशस्वी म्हणून मोजलं. नियमाने ते बरोबरच होतं. चीर स्वच्छ, भिंग जागेवर, कुठलाही बिघाड नाही. मीटिंगमध्ये तो तक्ता पडद्यावर आला तेव्हा माझ्या नावापुढे शाबासकी मिळाली आणि मी "थँक यू" म्हटलं.

दोन हिवाळ्यांनी किआनी न्यूमोनियाने गेले. मला ते ट्राममध्ये नसरीन भेटली तेव्हा कळलं. पुस्तक तसंच आहे, म्हणाली, त्या झेरॉक्स प्रतींसकट खोक्यांमध्ये, माळ्यावर. "त्या प्रती मला वाचता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत." मी माझ्या स्टॉपला उतरायचं विसरले.  आजही वाटतं, तो डोळा तसाच ठेवला असता तर निदान मोतीबिंदू निघाला की वाचता येईल अशी आशा तरी त्यांच्याजवळ राहिली असती. मग वाटतं, नसरीनचे पांढरे केस त्यांनी पाहिले नसते. हा हिशेब मी खूपदा करून पाहिला आहे, तो जुळत नाही.

त्यानंतर माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी एक वाक्य घोकायला लावलं. मागचं दिसत नसेल तर पेशंटसमोर बसल्यावर पहिलं वाक्य तेच म्हणायचं: तुमच्या मागच्या पडद्याचं मला माहीत नाही. बाकी सगळं त्याच्यानंतर. पोरं कुरकुरायची, पेशंट घाबरतात म्हणायची. काही पेशंट खरोखर घाबरून दुसऱ्या हॉस्पिटलात गेले. मी हटले नाही. किआनींना जे उत्तर हवं होतं ते मी उशिरा का होईना देते आहे, अशी माझी समजूत होती.

मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. दम्यासाठी पोटात घेतलेल्या स्टेरॉइडमुळे माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू झपाट्याने पिकला, डाव्यात सुरुवात आहे. या महिन्यात मी माझ्याच जुन्या क्लिनिकमध्ये पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले. समोर अनुजा. मूळची नागपूरची, माझ्याकडेच शिकली, आता तिच्या दारावर 'मिस' लागलं आहे. तिने बराच वेळ तपासलं, दिवा बंद केला, खुर्ची जवळ ओढली.

"मॅडम, आधी हे सांगते," ती म्हणाली. "तुमची रेटिना मला नीट दिसत नाहीये. सो, मागच्या पडद्याचं मला माहीत नाही."

अगदी मी शिकवलं होतं तसं. शब्द तेच, आवाज शांत, नजर माझ्यावर. मी तिला मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले आणि त्याच क्षणी 'पुन्हा एकदा नीट बघ' असं म्हणायला तोंड उघडलं. मोहरीएवढी ती जागा, आणि तिथे काय असेल ते कुणालाच माहीत नाही. इतकी वर्षं ते वाक्य मी दिलासा म्हणून वाटत होते. खुर्चीच्या या बाजूला बसल्यावर ते ऐकवत नव्हतं. 'मला पडदे ऐकायचे होते' हे किआनी सभ्यपणाने बोलले नव्हते. जे खरं तेच त्यांनी सांगितलं होतं, आणि मी ते रेकरांच्या रीतीने त्यांच्या नावाखालीसुद्धा मांडलं नव्हतं.

"मॅडम? ठीक आहात ना तुम्ही?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "ते कळलं मला. आता पडदे सांग."

"काय?"

"डोळ्याचे. पुढून मागे. सगळे."

तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती सांगू लागली. पुढची काच, तिचे थर, रंगीत पडदा, पिशवी, भिंग. ती नागपूरची, तिचंही तोंडी परीक्षेत कधी अडलेलं नसणार. मी तिचा हात धरला, डोळे मिटले आणि ऐकत राहिले. रेटिनाचा दहावा थर सांगून ती थांबली. तेव्हा मी सही केली.